डाव्या कडेची मुलगी

परवा दुपारी कपाट आवरताना चौथीच्या वर्गाचा ग्रुप फोटो हाती लागला. त्याच्या डाव्या कडेला माझी एक वेणी आणि निम्मा कान एवढेच आले आहे. उरलेली मी फोटोग्राफरच्या हिशेबात बसले नव्हते.

आवरणे तिथेच राहिले, कारण मला मार्जान सत्रापी या इराणी लेखिकेच्या ‘पर्सेपोलिस’ या चित्ररूप आत्मकथनाचे पहिले पान आठवले. १९८० सालचे तेहरान, हिजाब घातलेली दहा वर्षांची मार्जी, शेजारच्या चौकटीत तशाच ओळीने बसलेल्या वर्गमैत्रिणी, आणि आपण अगदी डावीकडे असल्यामुळे दिसत नाही, ही तिने सहज सांगून टाकलेली गोष्ट. इराणची क्रांती मला वर्तमानपत्रापुरतीच ठाऊक होती. तरीही ही मुलगी त्या पानावरून उठून थेट माझ्या बाकावर येऊन बसली.

सगळे पुस्तक काळ्या-पांढऱ्यात आहे आणि चेहरे इतक्या मोजक्या रेघांचे, की तिच्या आजीच्या जागी माझी आजी बेमालूम बसते. ती आजी रोज सकाळी जाईची फुले तोडून अंतर्वस्त्रात ठेवते आणि रात्री कपडे उतरवताना ती खाली गळतात. माझी आजी देवाला वाहून उरलेला प्राजक्त पदराच्या गाठीत बांधून ठेवत असे, आणि झोपताना तिच्या कुशीत शिरले की सुकलेल्या फुलांचा किंचित आंबूस वास येई. देहदंड झालेल्या अनुश काकाने तुरुंगात पावाचा केलेला हंसही पुस्तकात आहे. त्याच्याविषयी मला काही लिहिता येत नाही.

इंग्रजी आवृत्तीच्या पहिल्या भागाचा शेवट विमानतळावर होतो. चौदा वर्षांची मार्जी व्हिएन्नाला निघाली आहे. ती मागे वळते, तर काचेपलीकडे शुद्ध हरपलेल्या आईला वडिलांनी उचलून घेतलेले दिसते. निघालेल्या माणसाने मागे वळून पाहू नये, असे आमच्याकडेही सांगत. अकरावीसाठी घर सोडले तेव्हा एसटीच्या मागच्या काचेतून मी पाहिलेच: आई फराळाची रिकामी झालेली पिशवी घडी करत होती, उघडत होती, पुन्हा घडी करत होती.

ते पान आले की मी दर वेळी पुस्तक घाईने मिटते. मला चित्रे काढता येत नाहीत. नाहीतर ती पिशवी तेवढी काढली असती.