वाचनालयाची वेबसाइट कानाने तपासताना

वाचनालयाच्या नव्या वेबसाइटवर अंधांसाठी खास सोय केलीय, असं कार्यवाहांनी मला मोठ्या उत्साहाने सांगितलं. सोय म्हणजे वरच्या कोपऱ्यात एक गोल चिन्ह. ते दाबलं की अक्षरं मोठी होतात, रंग उलटे होतात. कमी दिसणाऱ्यांना त्याचा थोडाफार उपयोग होत असेल. मला जन्मापासून दिसत नाही. अक्षर केवढंही केलं तरी मला काय त्याचं!

मी एनव्हीडीए वापरतो, म्हणजे स्क्रीनवरचा मजकूर बोलून दाखवणारा प्रोग्राम, स्क्रीन रीडर. मायकेल करन या ऑस्ट्रेलियातल्या अंध तरुणाने २००६ मध्ये हा स्क्रीन रीडर लिहायला घेतला. तो फुकट मिळतो आणि सोबतच्या ई-स्पीक या बोलणाऱ्या प्रोग्रामच्या आवाजात मराठी वाचतो. आवाज यंत्राचाच, पण कान सरावला की भरधाव ऐकता येतो. साइट करणाऱ्या मुलाला म्हटलं, शनिवारी लॅपटॉप घेऊन ये, स्क्रीन बंद कर, माऊस बाजूला ठेव आणि माझ्याबरोबर ऐक.

पहिली अडचण एका ओळीची निघाली. पानाच्या कोडमध्ये भाषा 'इंग्रजी' अशी नोंद होती. अशा वेळी जो आवाज लावलेला असेल त्याप्रमाणे मराठी मजकूर एक तर गाळला जातो, नाहीतर भलत्याच उच्चारांत कानावर येतो. नोंद 'मराठी' केली आणि पान सरळ बोलायला लागलं.

मग मथळे. मी पान पहिल्या ओळीपासून वाचत बसत नाही. एच दाबत मथळ्यावरून मथळ्यावर जातो. इथे एच दाबलं की मथळाच नाही असं उत्तर. मुलगा म्हणाला, "काका, एवढे मोठे ठळक मथळे आहेत की!" ठळक होते, पण नुसते दिसायला, मथळा म्हणून खूण कुठेच केलेली नव्हती. लिंकांची यादी काढली तर 'अधिक वाचा, अधिक वाचा, अधिक वाचा'. कशाबद्दल अधिक, ते कळायला मार्ग नाही. 'पुस्तक राखून ठेवा' हे बटण तर टॅब दाबून सापडेचना. ते बटणासारखं रंगवलेलं होतं, कोडात बटण नव्हतं. माऊसवाल्याला त्यातला फरक कधीच जाणवणार नाही.

सभासद अर्जात जास्त वेळ गेला. प्रत्येक चौकटीवर एनव्हीडीए म्हणे, "एडिट, ब्लँक". नाव कुठे, पत्ता कुठे? चौकटीशेजारी शब्द लिहिलेले होते, पण ते चौकटीला जोडलेले नव्हते. जोडायला मुलाला चहा येईपर्यंतचा वेळ पुरला. अर्ज पाठवला तर सगळं शांत. चुकलेली चौकट लाल होत होती म्हणे! आता चूक झाली की कर्सर त्या चौकटीत जातो आणि 'मोबाइल क्रमांकात एक अंक कमी आहे' असं ऐकू येतं. चित्रातली वेडीवाकडी अक्षरं ओळखायला लावणारा कॅप्चा काढून मोबाइलवर ओटीपी ठेवला.

पोरगं एवढं पेटलं की पुढच्या खेपेला त्याने प्रत्येक चित्राला वर्णन लिहून आणलं. मी ऐकतोय: 'फुलांची नक्षी', 'फुलांची नक्षी', 'आडवी रेघ'. त्याला सांगितलं, बाबा, शोभेच्या चित्राचं वर्णन रिकामं सोड, स्क्रीन रीडर ते ओलांडून जातो. मुखपृष्ठाशेजारी पुस्तकाचं नाव असेल तर तेच पुन्हा ऐकायचं कशाला? वर्णन हवं ते ग्रंथदिंडीच्या फोटोला, आणि तिथे नेमकं 'फोटो १' होतं.

कार्यवाहांचा प्रश्न रास्त होता: दिसायला तर काहीच बदललं नाही, मग पैसे कशाचे? त्यांना दिव्यांग हक्क कायदा, २०१६ मधलं ४२ वं कलम वाचून दाखवलं. माहिती-तंत्रज्ञान सुगम करण्याबद्दलचंच आहे ते. शिवाय डिजिटल सेवा मिळणं हा जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ रोजी म्हटलं आहे, हेही सांगितलं. खरं सांगायचं तर कायद्यापेक्षा, अर्ज मी त्यांच्यासमोर एकट्याने भरला, त्याने काम झालं.

अडलं ते पीडीएफपाशी. वाचनालयाच्या त्रैमासिकाचे जुने अंक युनिकोडच्या, म्हणजे आज सगळीकडे चालणाऱ्या अक्षरसंकेताच्या, आधीच्या फॉन्टमध्ये, कृतिदेवच्या जातकुळीतले. डोळ्यांना मराठी दिसतं, पण आत साठवलेली असतात इंग्रजी अक्षरं नि चिन्हं. माझ्या कानावर कंस, टिंब आणि सुटी अक्षरं आदळतात. कन्व्हर्टरमधून काढलं की बराचसा मजकूर सुधारतो, मात्र रफार सरकतात आणि जोडाक्षरं फुटतात. त्याहून जुने अंक म्हणजे नुसते स्कॅन, पानांची चित्रंच. त्यांना ओसीआर, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखून मजकूर करणारा प्रोग्राम, लावायचा आणि मग ओळ न् ओळ ताडून बघायची. हे काम मुलाच्या हातचं नाही, माझ्याही नाही. मी ऐकून अडखळतो तिथे खूण करतो आणि दोन निवृत्त शिक्षिका मूळ अंक समोर घेऊन दुरुस्ती करतात. संपादकीयं झाली आहेत. कवितांचं पान त्यांनी शेवटी ठेवलंय, कारण ओसीआर ओळी मोडतो आणि ओवी कुठे संपली यावर त्या दोघींचं अजून एकमत होत नाही.