पालकांची सही

"आईबाप जवळ नाहीत, देश नाही, तरी या मुली एवढ्या खंबीर कशा हो?" पुण्यात मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर म्हणून मी सतरा वर्षं काढली. आमच्याकडे तिबेटी मुली असायच्या, काही अफगाणही. त्यामुळे हा प्रश्न मला लग्नाच्या पंगतीतसुद्धा विचारतात. एरवी मी "असतात खऱ्या" म्हणते आणि मठ्ठ्याची वाटी पुढे करते. तुम्ही नीट विचारलंत म्हणून नीट सांगते.

आमच्या प्रवेश अर्जाच्या तळाला एक रेघ होती: पालकांची सही. २०१७ साली धरमशालेहून आलेल्या एका मुलीनं ती कोरी ठेवली. मी अर्ज परत सरकवला. "मॅडम, पालक तिबेटमध्ये आहेत," ती हिंदीत म्हणाली. "मग कुरियर कर." हे मी म्हणाले. खरंच म्हणाले.

ती आठव्या वर्षी निघाली होती. वाटाड्याबरोबर, रात्री चालायचं, दिवसा लपायचं, सुमारे ५,७०० मीटर उंचीची नांग्पा ला खिंड ओलांडून नेपाळ, तिथून भारत. आईवडील मागेच राहिले. आपल्या भाषेत शिकावं, दलाई लामांच्या छायेत वाढावं म्हणून कितीतरी घरांनी अशी पोरं एकटी धाडली. २००८ नंतर तिकडची सीमा आवळली गेली आणि हा ओघ आटत गेला. "टाकलंच की मग पोरीला" असं कुणी म्हणालं की माझा पारा चढतो.

कागदांचा त्रास वेगळाच. एकदा म्हणाली, "आरसी रिन्यू करायला जायचंय." मला वाटलं, स्कूटर घेतली. तिबेटींच्या नोंदणीच्या कागदालाही आरसी म्हणतात, हे तेव्हा कळलं. निर्वासितांसाठीच्या १९५१च्या आंतरराष्ट्रीय करारावर भारताची सही नाही. म्हणजे सहीवाचून अडलेल्या आम्ही एकट्याच नव्हतो.

तर खंबीरपणा. धरमशालेला तिबेटी मुलांसाठीची संस्था १९६० साली सुरू झाली ती ५१ मुलांवर. जम्मूकडे रस्त्याच्या कामावर राबणाऱ्या निर्वासितांची ती लेकरं, बरीचशी आजारी, खंगलेली. पुढे तिथे 'घरं' झाली. एका घरात तीसेक मुलं, लहानमोठी मिसळून, आणि त्यांची एक अमाला, म्हणजे आई. मोठ्यांनी धाकट्यांना आंघोळ घालायची, केस विंचरायचे. रात्री कुणीतरी डोकी मोजायचं. माझं उत्तर एवढंच आहे हो. या मुली वेगळ्या मातीच्या नाहीत, त्यांना रोज रात्री कुणीतरी मोजलेलं असतं.

हवाईतल्या काउआई बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांवर मानसशास्त्रज्ञ एमी वर्नर यांनी कित्येक वर्षं नजर ठेवली. अत्यंत बिकट परिस्थितीतल्या मुलांपैकी एक तृतीयांश चांगली निभावली. त्यांच्या आयुष्यात निदान एक तरी भरवशाचं मोठं माणूस होतं, आजी, शेजारीण, शिक्षक, कुणीही. पंगतीत मी हे सांगितलं की सगळ्या माना डोलावतात. उरलेल्या दोन तृतीयांशांची अठराव्या वर्षापर्यंत कुठे ना कुठे गाडी अडलीच होती. त्यातल्याही पुष्कळ जणांना पुढे संधी मिळाली तेव्हा ती सावरली, पण त्यांच्याबद्दल विचारायला कुणी थांबत नाही.

मार्च २०२०मध्ये वसतिगृह दोन दिवसांत रिकामं झालं. उरल्या तिघी. ही तिबेटी, एक काबूलची, एक मणिपूरची. मेस बंद, म्हणून स्वयंपाक माझ्याच क्वार्टरमध्ये. जूनच्या अखेरीस सरकारनं ५९ चिनी अ‍ॅप्सवर बंदी घातली. सगळीकडे टिकटॉकचा गलबला. त्या यादीत वीचॅटही होतं, तिकडचं निरोपांचं आणि बोलण्याचं अ‍ॅप.

दोनचार आठवड्यांनी एका संध्याकाळी ती दारात आली. "मॅडम, भाजी निवडू?" मेथीच्या दोन जुड्या होत्या. तिनं एकेक पान वेगळं काढलं. देठ बाजूला, पिवळं बाजूला, मातीचं पुसून बाजूला. दीड तास! "अगं, कोवळे देठ राहू देत," मी करवादले. ती नुसती "हो मॅडम" म्हणाली आणि पुन्हा तसंच. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी काबूलच्या मुलीनं मला बाजूला घेतलं: हिचं वीचॅट उघडत नाही. आईशी बोलायचं तेवढं एकच साधन होतं. तेही काय बोलायच्या, कुणी ऐकत असेल या धाकानं फक्त जेवलीस का, पाऊस झाला का, याकला वासरू झालं का.

सतरा वर्षांच्या माझ्या वहीत हिच्या नावापुढे 'काही त्रास नाही' असं लिहिलेलं. काही न मागणाऱ्या मुलीकडेच आधी बघायला हवं, हे मला त्या मेथीनं शिकवलं.

मी केलं काय? दुसऱ्या दिवशी चार जुड्या आणल्या. आणि तिघीच होत्या तरी रात्री साडेनऊला रजिस्टर उघडून हजेरी घेतली. पूर्ण नाव घेऊन, शाळेत घेतात तशी. पहिल्या रात्री मणिपूरची हसली. नंतर तिघी सव्वानऊलाच येऊन बसायच्या.

ती एम.कॉम.ला आमच्याकडेच राहिली. २०२१मध्ये तिच्याच शाळेतली एक नवी मुलगी आली, तिचेही आईवडील पलीकडेच. अर्जाच्या तळाला, पालकांच्या रेघेवर, हिची सही. नात्याच्या रकान्यात मराठीत लिहिलेलं: ताई.

ऑफिसनं तो अर्ज परत पाठवला. मी शेजारी माझी सही ठोकून पुन्हा पाठवला.