ब्रेक ऑइल आणि क्लोरीन एकाच खोक्यात

सॅन होजेचं हे घर आम्ही घेतलं तेव्हा आधीच्या मालकांनी गॅरेजचा एक कोपरा जसाच्या तसा सोडला होता. गंजलेले रंगाचे डबे, थिनर, गुलाबांवर फवारायचं औषध, अर्धी बाटली ब्रेक ऑइल, आणि स्विमिंग पूलमध्ये टाकायच्या क्लोरीनच्या दाण्यांची एक बादली. पूल कधीच बुजवलेला, बादली मात्र राहिली होती.

असलं काही इथे कचऱ्याच्या डब्यात टाकता येत नाही. कॅलिफोर्नियात साधे पेन्सिल सेलसुद्धा २००६ पासून कचऱ्यात टाकायला बंदी आहे. आमच्या सांता क्लारा काउंटीत घरगुती घातक कचरा घेणारी केंद्रं आहेत. आधी वेळ घ्यायची, ठरल्या वेळी गाडी घेऊन जायचं. रहिवाशांना पैसे पडत नाहीत. गाडीतून एका फेरीत १५ गॅलन किंवा १२५ पौंड, म्हणजे साधारण ५७ लिटर किंवा ५७ किलो, एवढंच न्यायची परवानगी आहे.

मी सगळं एका मोठ्या खोक्यात भरलं, डिकीत ठेवलं आणि मुलीला मागच्या सीटवर बसवून निघाले.

तिथे पोचल्यावर गाडी बंद करून आतच बसून राहायचं असतं. एप्रन, गॉगल आणि जाड हातमोजे घातलेल्या दोघांनी डिकी उघडली. आरशात मला दिसत होतं. त्यातला मोठा माणूस खोक्याला हात लावता लावता थांबला. त्याने आधी क्लोरीनची बादली दोन्ही हातांनी सरळ वर उचलली आणि एकटीच लांबच्या टेबलावर नेऊन ठेवली. ब्रेक ऑइलची बाटली दुसऱ्याने भलत्याच दिशेला नेली. मग मोठा माणूस माझ्या खिडकीशी आला आणि शांतपणे म्हणाला, ‘‘हे दोन परत कधी एकत्र ठेवू नका.’’

बाटलीचं झाकण सैल असतं आणि थोडं ऑइल त्या दाण्यांवर ठिबकलं असतं तर सुरुवातीला काहीच झालं नसतं. थोड्या वेळाने धूर, आणि मग काडी न लावता जाळ. मी वीस मिनिटं गाडी चालवत आले होते. मागे मुलगी होती. माझे हात स्टिअरिंगवरच राहिले.

त्यांना गर्दी नव्हती. मी विचारत गेले आणि त्या माणसाने पिवळ्या रेघेच्या अलीकडे उभं करून मला सगळं दाखवलं. या कामाआधी त्याचं ४० तासांचं प्रशिक्षण झालंय, शिवाय दर वर्षी आठ तासांची उजळणी असते. आत कप्पे पाडलेले: पेट घेणारे पदार्थ एकीकडे, आम्लं दुसरीकडे, अल्कली तिसरीकडे, आणि क्लोरीनसारखे आग भडकवणारे पदार्थ सगळ्यांपासून लांब. प्रत्येक कप्प्याखाली वेगळा खोलगट तळ. एखादा पिंप फुटला तरी त्यातलं शेजारच्या कप्प्यात वाहत जाऊ नये म्हणून. कोणता पदार्थ किती आहे, कुठे आहे, याची यादी अग्निशमन दलाकडे आधीच दिलेली असते. आग लागल्यावर बंबवाल्यांनी ‘आत काय आहे?’ असं विचारत बसायची वेळ येऊ नये.

डोळे धुवायचा नळ मी नीट बघितला. धोक्याच्या जागेपासून दहा सेकंदांत पोचता येईल अशा ठिकाणी तो असावा लागतो. एका धक्क्यात सुरू होतो आणि हात काढला तरी चालूच राहतो, कारण दोन्ही हातांनी पापण्या उघड्या धरायच्या असतात. सलग १५ मिनिटं. दर आठवड्याला तो सोडून बघतात. पाईपमध्ये साचलेलं गढूळ पाणी ऐन वेळी कुणाच्या डोळ्यांत जायला नको. छपरावर वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी नळी होती. भोंगा वाजला की हातातलं आहे तिथे ठेवायचं, नळीकडे बघायचं आणि वारा जिकडून येतोय त्या अंगाला जायचं.

फळ्यांच्या कडेला एक पट्टी ठोकलेली होती. ती भूकंपासाठी. १७ ऑक्टोबर १९८९ ला याच भागात ६.९ तीव्रतेचा भूकंप झाला होता. जमीन हलली की आधी फळीवरच्या बाटल्या सरकतात. द्रव पदार्थ म्हणूनच खालच्या फळीवर. घरी आल्याबरोबर मी गॅरेजमधल्या फळ्यांना तशा पट्ट्या लावून घेतल्या.

रात्री सांगलीला फोन केला. आमच्याकडे २०१९ च्या महापुरानंतर घर धुवायला आणलेली ब्लीचिंग पावडर अजून असणार, याची मला खात्री होती. पूलच्या क्लोरीनची ती सौम्य बहीणच.

‘‘आई, ब्लीचिंग पावडर कुठे ठेवली आहेस गं?’’

‘‘न्हाणीघरात, फळीवर.’’

‘‘आणि फरशीचं ॲसिड?’’

‘‘तिथंच की. सरबताच्या बाटलीत. का गं?’’

आमच्या लहानपणापासून ते तिथेच आहे. ॲसिड सांडून त्या पावडरवर गेलं तर क्लोरीन वायू सुटतो. न्हाणीघराला एवढीशी खिडकी, आई खाली बसून फरशी घासणार. आणि सरबताच्या बाटलीत काय आहे हे भाचीला कुणी सांगायचं? इथल्या केंद्रात मूळ बाटलीतच आणा म्हणून का बजावतात, ते मला त्या क्षणी पटलं. आपल्याकडेही २०१६ पासूनच्या घनकचरा नियमांमध्ये घरगुती घातक कचरा ओल्या आणि सुक्यापासून वेगळा ठेवायला सांगितलं आहे, त्यासाठी संकलन केंद्रंही सांगितली आहेत. पण तुमच्या घराजवळ केंद्र असो वा नसो, ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर आजच एकमेकांपासून लांब करा, एवढं मी तुम्हाला हात जोडून सांगते. आणि चुकून वास आलाच तर सांडलेलं पुसत बसू नका. आधी सगळ्यांना घेऊन मोकळ्या हवेत या.

आईने फोन बाबांकडे दिला. मी म्हटलं, ‘‘बाबा, तुम्ही बघाल का? पण बाटली ओतू नका, दुसऱ्या कशात भरूही नका. आहे तशी, झाकण घट्ट करून.’’

सकाळी त्यांचा फोटो आला होता. ॲसिडची बाटली मागच्या अंगणात, उंच कोनाड्यात, एका प्लॅस्टिकच्या घमेल्यात उभी. तिला दोऱ्याने पुठ्ठा बांधलेला आणि त्यावर बाबांच्या शाळामास्तरी अक्षरात लाल शाईने लिहिलेलं: ‘ॲसिड. हात लावू नये. पावडर न्हाणीघरात आहे, इकडे आणू नये.’