एम्प्रेस गार्डनमधले कवडसे : चौथी बैठक

कॅनव्हास १२ बाय १६ इंच, तैलरंग. जागा तीच, पुण्यात रेसकोर्सजवळच्या एम्प्रेस गार्डनमधली जुन्या झाडांखालची पायवाट. सकाळी साडेआठ ते दहा एवढाच वेळ. पुढे कवडसे सरकत बाकापाशी जातात आणि साडेआठच्या सावलीत आपण दहाचं ऊन भरत बसतो. गेल्या खेपेला मी हेच केलं होतं. चित्रात दोन सूर्य!

म्हणून आज आधी पॅलेट नाइफने (रंगाच्या बोथट सुरीने) चित्रातली पायवाट खरवडून काढली. जीव हळहळला, पण खालचा बर्न्ट सिएनाचा, म्हणजे तांबूस तपकिरी, पातळ थर उघडा पडला आणि तो मातीला इतका शोभला की दोन-तीन ठिकाणी तसाच राहू दिला.

खरी झोंबी हिरव्याशी. ट्यूबमधला सॅप ग्रीन थेट लावला की बागेची नर्सरी होते. आता अल्ट्रामरीन निळा आणि कॅडमियम यलो यांतूनच हिरवा करतेय, उन्हातल्या पानांना लेमन यलो जास्त, सावलीत चिमूटभर अलिझरिन लाल. काळा पॅलेटवर घेतलेलाच नाही. डोळे बारीक करून पाहिलं तर पायवाटेवरची सावली चक्क जांभळट दिसते. तिच्याशेजारी पिवळसर कवडसा ठेवला की तो आपोआप पेटतो. पांढरा ओतायची गरज पडत नाही. फटका एकदाच मारायचा, ब्रश पुसायचा, पुढचा. घोटलं की चिखल.

माणसांचं अजून जमत नाही. काल रात्री फ्रेंच चित्रकार मोनेचं १८७८ मधलं ‘पार्क मोंसो’ हे चित्र पुन्हा पाहिलं. तीही पॅरिसमधली शहरी बागच. सावलीत बसलेल्यांना नाक-डोळे नाहीत, तरी ती निवांत बसलीत हे कळतं. मी मात्र बाकावरच्या आजोबांच्या टोपीची कड कोरत बसले. (टोपी छान आली. आजोबा गेले.) पुसून तीन फटक्यांत पुन्हा केले: पाठ, मांडी, टोपी.

फांद्यांमधून दिसणारे आकाशाचे तुकडे फार उजळ झालेत, झाडाला भोकं पडल्यासारखे. ते एक छटा खाली आणायचेत, पण रंग अजून ओला आहे. रविवारी बघते. तोवर कॅनव्हास भिंतीकडे तोंड करून ठेवलाय, नाहीतर येता-जाता हात लागतो.