तुम्ही विचारलंत म्हणून: एवढी खरखर कशाला?

'हे असलं रडकं, खरखरीत काय ऐकत बसतेस?' काळजीनं विचारून झालं, चेष्टेनं विचारून झालं, एकदा तर बंद दाराबाहेरून, 'आवाज कमी कर'ला जोडून. आजवर 'आवडतं' म्हणून वेळ मारून नेली. आता एकदाच नीट सांगते.

आधी खरखर. 1979 मध्ये टॅस्कॅम या जपानी कंपनीनं साध्या कॅसेटवर चार ट्रॅक ध्वनिमुद्रित करणारं यंत्र काढलं, आणि स्टुडिओ न परवडणाऱ्यांना घरात एकट्यानं गाणं रचता यायला लागलं. तीन ट्रॅक भरले की ते एकत्र करून चौथ्यावर उतरवायचे आणि मोकळ्या झालेल्या तिघांवर पुन्हा नवं वाजवायचं. दर वेळी टेपची सरसर वाढते, वरचे सूर बोथट होतात, गिटार भिंतीपलीकडून आल्यासारखी वाटते. मला ते पलीकडून येणंच हवं असतं. चकचकीत ध्वनिमुद्रणात गायक अगदी कानाशी येऊन बसतो. एवढी सलगी मला झेपत नाही.

उदासीचं उत्तर अवघड आहे. 'शरद ऋतूचं संगीत' असं मी एकाला सांगून पाहिलं, तर तो गोंधळला. बरोबरच आहे. आपला शरद म्हणजे निरभ्र आकाश आणि टिपूर चांदणं. पानं गळायची ती शिशिरात. नॉर्वे-फिनलंडकडचा तो ऋतू मराठीत कुठेच नीट बसत नाही. दिवस आखडत जातो, दुपारी दिवे लागतात, आणि कुणी गेलेलं नसताना घराला सुतक आल्यासारखं होतं. नॉर्वेच्या उल्व्हेर या बँडनं आधी ब्लॅक मेटल, म्हणजे किंचाळणारं, कर्कश रॉक केलं आणि 1996 मध्ये अख्खा अल्बम गिटार, चेलो आणि एकावर एक चढवलेल्या माणसांच्या आवाजांवर काढला. त्यातले शब्द मला आजही कळत नाहीत. न कळण्यातच सुख आहे, असं मी मोठ्या ऐटीत म्हणायचे.

त्या ऐटीचं काय झालं ते सांगते.

एका मित्राला मी नव्वद मिनिटांची कॅसेट भरून दिली होती. दोन्ही बाजू, नावं हातानं लिहिलेली. त्यात डेथ इन जून या इंग्लिश बँडची तीन गाणी होती. आठवड्यानं तो कॅसेट परत घेऊन आला, नीट रिवाइंड केलेली.

"आवडली नाहीत?"

"आवडली. म्हणून तर नावं शोधली." मग म्हणाला, "यांच्या चिन्हातली ती कवटी कुठली आहे, माहितीये तुला?"

मला माहीत होतं. एसएसच्या, म्हणजे हिटलरच्या नाझी दलाच्या टोपीवरची. माहीत नसतं तर किती सोपं झालं असतं! पण मी लगेच सुरू झाले. ही नुसती चिथावणी आहे. 1981 मध्ये हा बँड निघाला, त्याआधी त्यातले दोघे क्रायसिस नावाच्या पंक बँडमध्ये होते आणि तो वंशवादविरोधी कार्यक्रमांत वाजवायचा. त्या दोघांतला टोनी वेकफर्ड पुढे नॅशनल फ्रंट या ब्रिटनमधल्या वंशवादी पक्षात गेला हे खरं, पण नंतर त्यानं तो निर्णय चुकल्याचं जाहीरपणे कबूल केलं. चाल कुणाच्या पक्षाची नसते. आणि सगळेच काही एका माळेचे मणी नाहीत.

त्यानं मध्ये एकदाही तोडलं नाही. मी दमल्यावर म्हणाला, "तयारी छान आहे तुझी. म्हणजे हे सगळं तुला आधीपासून माहीत होतं, आणि मला नुसती गाणी दिलीस."

कॅसेट टेबलावर ठेवून तो गेला. आम्ही अजून बोलतो, पण गाण्यांबद्दल नाही.

तेव्हाची मी अजून माझ्याशी भांडते. 'मी सूर ऐकते, शब्द नाही,' म्हणते. अगं, पण शब्द ऐकू येऊ नयेत म्हणून तर तुला ती सरसर सोयीची वाटत नव्हती ना? यावर तिच्याकडे उत्तर नाही. पण ती मलाही विचारते, की ते नाव कळायच्या आधी ज्या पहिल्या संध्याकाळी त्या गाण्यांनी तुला सावरलं, तीही खोटी का? यावर माझ्याकडे उत्तर नाही.

आणि हो, उदास संगीतानं माणूस उदास होतो हे मला अजिबात मान्य नाही. मी मुळातच तशी आहे. निदान तेव्हा सोबत तरी असते.

ती तीन गाणी मी पुसली. दोन दिवसांनी भांडी घासताना त्यांतल्याच एकाची चाल गुणगुणत होते. कॅसेटवर त्या जागी आता नुसती टेपची सरसर आहे, बरीच मिनिटं. ती आली की मी पुढे ढकलत नाही. का, ते मात्र इतक्यात विचारू नका.