तुम्ही विचारलंत म्हणून : ‘अनटिल’ म्हणजे ‘पर्यंत’च ना?

इंग्रजी शिकवणाऱ्या माणसाला लोक स्पेलिंगं विचारतील असं वाटतं. मला मात्र सगळ्यात जास्त विचारला जातो तो ‘अनटिल’. डिक्शनरीत ‘पर्यंत’ असा सरळ अर्थ दिलाय, मग ‘सबमिट द फॉर्म अनटिल फ्रायडे’ चूक कसं? हे सांगून होतंय तोवर दुसरी तक्रार येते: ‘अनटिल’बरोबर ‘नॉट’ लावायचं नाही असं शाळेत शिकवलं होतं, मग ‘डोन्ट गो अनटिल आय कम’मध्ये ते कुठून आलं? एकदाच नीट लिहून ठेवतो, म्हणजे पुढच्या वेळी हेच पुढे सरकवता येईल.

आधी फॉर्मचं. ‘पाच वाजेपर्यंत थांब’ आणि ‘पाच वाजेपर्यंत ये’ या दोन्ही वाक्यांत आपला ‘पर्यंत’ एकच असला तरी कामं दोन आहेत. थांबणं पाच वाजेतो चालू राहतं, तर येणं एकदाच होतं, पाचच्या आधी कधीही. इंग्रजीला पहिल्यासाठी ‘अनटिल’ लागतो आणि दुसऱ्यासाठी ‘बाय’. ओळखायचं कसं? ‘पर्यंत’ काढून तिथे ‘च्या आत’ घालून बघा. ‘पाचच्या आत ये’ जमतं, म्हणून ‘कम बाय फाइव्ह’. ‘पाचच्या आत थांब’ जमत नाही, म्हणून ‘वेट अनटिल फाइव्ह’. फॉर्म शुक्रवारच्या आत भरायचा असतो, म्हणून ‘बाय फ्रायडे’. दुकान आठच्या आत उघडं नसतं, आठपर्यंत उघडं असतं, म्हणून ‘ओपन अनटिल एट’. ही चाचणी फक्त होकारार्थी वाक्यांना लागू आहे, नकाराला लावलीत तर फसाल. ‘टिल’चा अर्थही तोच, जरा बोलण्यातला. तो ‘अनटिल’चा लघुरूप नाही, उलट त्याच्याहून जुना आहे. ‘टिल’ला दोन एल आणि ‘अनटिल’ला एकच, हा मात्र इंग्रजीचा शुद्ध खोडसाळपणा.

इथवर सगळ्यांना पटतं. खरी गोची ‘जोपर्यंत… तोपर्यंत’मध्ये आहे.

नाशिककडच्या एका द्राक्ष निर्यातदाराच्या ऑफिसातून नेदरलँड्सच्या रॉटरडॅम बंदरातल्या एजंटला मेल गेली होती. वाक्य एकच: ‘प्लीज डू नॉट रिलीज द कंटेनर अनटिल वी डू नॉट रिसीव्ह द पेमेंट.’ लिहिणाऱ्याच्या डोक्यातलं मराठी चोख होतं: जोपर्यंत आम्हाला पैसे मिळत नाहीत, तोपर्यंत कंटेनर सोडू नका. एजंटने ते इंग्रजी म्हणून वाचलं. इंग्रजीत ‘अनटिल’च्या पुढे येते ती अडथळा संपवणारी घटना, ती घडली की दार उघडायचं. इथे घटना म्हणून लिहिलं होतं ‘पैसे न मिळणं’. म्हणजे पैसे मिळाले नाहीत की माल सोडा? एवढा वेडगळ अर्थ कोणाला अभिप्रेत नसणार हे त्यालाही कळलं असणार. पण माल दुसऱ्याचा आणि जबाबदारी आपली, अशा जागी कोण अंदाजाने चालेल? त्याने उलट विचारलं, ‘सो यू हॅव नॉट रिसीव्ह्ड इट?’

तो शुक्रवार होता. हिवाळ्यात तिकडचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असतं. त्यांची दुपार म्हणजे नाशिकची संध्याकाळ, ऑफिस बंद. सोमवारी सकाळी उत्तर गेलं: ‘येस.’ झालं, आणखी एक गाठ. मराठीत ‘मिळाले नाहीत का?’ला ‘हो’ म्हटलं की ‘हो, नाही मिळाले’. इंग्रजीत तिथे ‘नो’ हवं होतं. नुसत्या ‘येस’वरून एजंटला पैसे मिळाले की नाही तेच समजेना. शेवटी फोन झाला आणि दोन मिनिटांत उलगडलं. तोवर शून्य अंशाच्या आसपास ठेवायचा रीफर, म्हणजे माल थंड ठेवणारा कंटेनर बंदरात वीज जोडून उभा, त्याचं भाडं चालू, आणि द्राक्षांची टिकण्याची मुदत चालली होती ती वेगळीच. भांडण म्हणाल तर कोणाशीच करण्यासारखं नव्हतं. मेल लिहिणारा मुलगा हुशार होता, व्याकरणात एरवी पक्का होता, आणि त्याच्या भाषेत त्याचं वाक्य बरोबरच होतं.

हे मी मुद्दाम ठासून सांगतो, कारण या चुकीचं खापर लगेच मराठीवर फुटतं. ‘आपली भाषाच अशी ढिली’ वगैरे. मुळीच नाही. इटालियनमध्ये ‘तो येईपर्यंत’ म्हणताना सर्रास ‘फिंके नोन’ वापरतात, त्यातला ‘नोन’ म्हणजे ‘नाही’. रशियन ‘पका न्ये’मध्येही तोच ‘नाही’. हिंदीचं ‘जब तक वह न आए’ तर आपल्या शेजारचंच. फरक मोजण्याचा आहे. आपण तो न येण्याचा सगळा काळ मोजतो, म्हणून त्यात ‘नाही’ येतो. इंग्रजी त्या काळाच्या टोकाला खूण करतं, आणि टोकाला तो आलेला असतो.

तेव्हा इंग्रजीत लिहिण्याआधी मराठीतच एक उलथापालथ करा. ‘जोपर्यंत तो येत नाही तोपर्यंत’ याचं ‘तो येईपर्यंत’ करा. ‘जोपर्यंत पैसे मिळत नाहीत’चं ‘पैसे मिळेपर्यंत’. ‘नाही’ आपोआप गळतो आणि ‘अनटिल ही कम्स’, ‘अनटिल वी रिसीव्ह द पेमेंट’ सरळ उतरतं. गोष्ट पुढची असली तरी ‘विल’ नको, ‘अनटिल ही विल कम’ ही याचीच जुळी चूक. आणि ‘जोपर्यंत’च्या वाक्यात मुळात ‘नाही’ नसेलच, ‘जोपर्यंत पाऊस पडतोय तोपर्यंत थांबू’ असं असेल, तर ते ‘अनटिल’चं गिऱ्हाईकच नाही. तिथे ‘ॲज लाँग ॲज’ लागतो. तिथे ‘अनटिल इट इज रेनिंग’ लिहिलंत तर पाऊस सुरू होईपर्यंत थांबण्याचा बेत होतो.

आता शाळेतला नियम. ‘अनटिल आणि अनलेस हे मुळातच नकारार्थी, त्यांच्याबरोबर नॉट नको.’ हा मीही वर्षानुवर्षं सांगत आलोय आणि आठवीच्या वर्गात अजून सांगतो. तीस मुलांपुढे इटालियन काढून बसायला वेळ नसतो. या एका ओळीने पेपरातला गुण वाचतो, म्हणून ती टिकून आहे. पण खरी आहे का? ‘अनलेस’पुरती चालेल, कारण त्याचा अर्थच ‘जर नाही तर’. ‘अनटिल’ नकारार्थी नाही. त्यातला ‘अन’ हा ‘अनहॅपी’तला नव्हे, तो जुन्या नॉर्स या स्कँडिनेव्हियातल्या भाषेकडून आलाय आणि त्याचाही अर्थ ‘पर्यंत’च होता. म्हणजे ‘अनटिल’ हा फार तर ‘पर्यंत-पर्यंत’.

बरं, अर्थाचं सोडा, नियमाने नुकसान काय होतं ते बघा. मुलं ‘नॉट’ नेमका नको त्या जागेवरून उडवतात. ‘मी सांगेपर्यंत दार उघडू नका’चं ‘ओपन द डोअर अनटिल आय से’ होतं. ‘नॉट’ची मनाई फक्त ‘अनटिल’च्या पुढच्या तुकड्यात, मुख्य वाक्यात तो खुशाल येऊ द्या: ‘डू नॉट ओपन द डोअर अनटिल आय से.’ एवढी पुस्ती जोडली तर नियम चालवून घेता येतो असं मी स्वतःला समजावतो. मग कोणीतरी विचारतं, की मूळ कारणच खोटं असेल तर नियम शिकवायचा कशाला? याचं उत्तर मला दर वर्षी वेगळं सुचतं.

मुख्य वाक्यातला हा ‘नॉट’ आला की मघाची ‘च्या आत’वाली चाचणी बंद, आणि इथे फार बारीक बघावं लागतं. लॅबमधून मेसेज आला, ‘रिझल्ट्स वोन्ट बी रेडी अनटिल थर्सडे’, तर खुश व्हा, गुरुवारी मिळतील. ‘वोन्ट बी रेडी बाय थर्सडे’ असेल तर गुरुवारीही हेलपाटा नको, तयार नसतीलच. मराठीत दोन्हीला ‘गुरुवारपर्यंत होणार नाहीत’ म्हणून आपण मोकळे होतो. तसंच ‘ही डिडन्ट कम अनटिल नाइन’ ऐकून इंग्रज समजतो की नऊला आला, उशिरा का होईना. आपल्या ‘नऊपर्यंत आला नाही’मध्ये तो आलाच असं नाही. आम्ही वाट बघून निघून गेलो असू. ते सांगायचं तर ‘ही स्टिल हॅडन्ट कम बाय नाइन.’

जागेचं थोडक्यात. गुडघ्यापर्यंत पाणी, शंभरपर्यंत मोजणी यांना ‘अप टू’. ठाण्यापर्यंत चालत जायचं तर ‘ॲज फार ॲज’ किंवा नुसतं ‘टू’. ‘आय विल ड्रॉप यू टिल द स्टेशन’ मुंबईत रोज ऐकू येतं आणि सगळ्यांना कळतं, त्यावरून कोणाला टोकायला मी जात नाही. लंडनच्या ऑफिसात मात्र ‘ॲट द स्टेशन’ म्हणा. ‘टिल डेट’ही आपल्याकडचाच, तिकडे ‘टू डेट’ म्हणतात.

रजेच्या अर्जात तर ‘अनटिल’ टाळाच. ‘ऑन लीव्ह अनटिल 10 मे’ वाचून कोणी तुम्हाला दहाला कामावर धरतो, कोणी अकराला. अमेरिकन ‘थ्रू 10 मे’ म्हणून दहा तारीख रजेत घालतात, पण तो शब्द ब्रिटिशांच्या बोलण्यात फारसा नाही. युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या शेंगेन व्हिसाच्या स्टिकरवर ‘अनटिल’ छापलेलं असतं, तिथे ती तारीख धरून मुदत असते. व्हिसाला नियमांचं पुस्तक आहे, तुमच्या अर्जाला नाही. ‘बॅक ॲट वर्क ऑन 11 मे’ लिहा. पैसा, औषध किंवा मशीन यांच्या सूचनेत ‘डू नॉट… अनटिल’ अडखळवत असेल तर ‘ओन्ली आफ्टर’ने लिहा: ‘रिलीज द कंटेनर ओन्ली आफ्टर वी कन्फर्म द पेमेंट.’ यात ‘नॉट’ चुकवायला जागाच उरत नाही.