फोटोवरून सांगितलेला माका

सोसायट्यांच्या बागा सांभाळायची कंत्राटं घेतो, त्यामुळे पानाफुलांचे फोटो फोनवर रोजच येतात. निम्मे धूसर. कोथरूडची एक बाग नुकतीच माझ्याकडे आली होती. तिथल्या काकूंनी विचारलं, "उतारावर बारा महिने फुलतं ते पिवळं फूल म्हणजे भृंगराज ना?" सिग्नलला थांबल्या थांबल्या फोटो पाहिला आणि लिहून टाकलं : पिवळा माका.

पंधरा दिवसांनी छाटणीला गेलो, तर काकूंनी बाटली पुढे केली. तीच पानं खोबरेल तेलात उकळलेली. पोटात गोळाच आला.

माळीमामांनी पान तळहातावर चुरगळलं. "माका असता तर रस काळा पडला असता साहेब. आन् माक्याला फूल पांढरं." खरं आहे, पण ती साध्या माक्याची खूण. पिवळा माका वेगळा. त्याचं फूल आणि बागांत जमीन झाकायला लावतात त्या वेडेलिया वेलीचं फूल फोटोत वेगळं ओळखू येत नाही, पान बघावं लागतं. पिवळ्या माक्याचं पान लांबट. वेडेलियाच्या पानाला दोन्ही बाजूंना कान फुटल्यासारखे खंड, म्हणून तर नावात 'ट्रायलोबाटा', म्हणजे तीन खंडांची. पण सगळ्याच पानांना हे कान नसतात, आणि काकूंनी नेमका बिनकानाचा शेंडा टिपलेला. गुडघे टेकून वेल उचलली, तर खाली कानवाली पानंच पानं. पेरापेराला मुळं.

मूळची अमेरिकेच्या उष्ण भागातली ही वेल जगातल्या १०० घातक आक्रमक प्रजातींच्या यादीत आहे. नर्सरीवाले 'बारमाही, पाणी कमी' एवढंच सांगतात. दुसऱ्या सोसायट्यांच्या मीटिंगांत मीही तेच सांगत आलोय. इथे छाटलेलं सगळं मागच्या नाल्यात टाकायची पद्धत. नाल्याचा काठ आता पिवळाधमक.

मामा या बागेत दोन वर्षं आहेत. हा माका नव्हे, हे त्यांना केव्हाच माहीत होतं. त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. मीही नाही.

काकूंना म्हटलं, तेल लावू नका, चूक माझी. "केस तर चांगले झालेत की," म्हणत त्या बाटली आत घेऊन गेल्या.

फाटकाबाहेर टेम्पोत शेजारच्या इमारतीसाठी आणलेल्या वेडेलियाच्या ४० पिशव्या होत्या. उतरवल्या नाहीत. नर्सरी परत घेईना. माझ्या अंगणात पडून आहेत. मुळं पिशव्या फोडून फरशीच्या फटींत शिरलीत.